जबडा खाणारा पांढरा, काडेपेटीवरचा तांबडा

वाचकहो, हा अंक वाचता वाचता घरातली काडेपेटी जरा जवळ घ्या. गॅसला लायटर आले, गल्लीत विजेचे दिवे आले, तरी काडेपेटी नाही असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडायचे नाही. वंदनेची मेणबत्ती लावायची, अगरबत्ती पेटवायची, लाईट गेली की अंधारात चाचपडत पहिली शोधायची ती हीच. त्या पेटीच्या दोन्ही कडांना जी तपकिरी, खरखरीत पट्टी असते तिच्यावरून बोट फिरवा. बोटाला काही होत नाही. लहान मूल त्या पट्टीशी खेळले तरी आई फार घाबरत नाही.

त्या पट्टीत जो पदार्थ आहे त्याचे नाव तांबडा फॉस्फरस. गावाकडचे आपले शेतकरी बांधव याच मूलद्रव्याला स्फुरद म्हणतात. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे लिहिलेले असते, त्यातला हा मधला. खतात तो इतर पदार्थांशी जोडलेला असतो, पट्टीत तो एकटा असतो. आणि याच स्फुरदाचे एक दुसरे रूप आहे, पांढरे. त्यात तांबड्यापेक्षा वेगळे असे काहीही मिसळलेले नाही. तेच मूलद्रव्य, तेच अणू. पण या पांढऱ्या रूपाने युरोपातल्या हजारो गरीब कामगारांच्या, त्यातही बायका-मुलींच्या, तोंडातली हाडे सडवली. हा फरक कसा पडतो आणि तो कळल्यानंतरही पांढरा फॉस्फरस कारखान्यातून हद्दपार व्हायला साठ वर्षे का लागली, हे आपण या लेखात पाहू.

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत नववी-दहावीची मुले 'अपरूपता' हा शब्द मान डोलावत पाठ करतात. एकच मूलद्रव्य निरनिराळ्या भौतिक रूपांत आढळते, या गुणधर्मास अपरूपता म्हणतात. व्याख्या बिनचूक असते. पण ती म्हणणाऱ्या मुलाला विचारावे की बाबा, मग त्याने कुणाचे काय बिघडले, तर मूल गप्प. म्हणून ही हकिकत.

लघवीतून निघालेला उजेड

सन १६६९. जर्मनीतील हँबर्ग शहरात हेनिंग ब्रँड नावाचा एक किमयागार राहत होता. हलक्या धातूचे सोने करून देणारा परीस आपल्याला सापडेल, असे त्या काळी युरोपातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटे. ब्रँडची समजूत अशी की, लघवीचा रंग सोनेरी, म्हणजे तिच्यात सोन्याचा अंश असणार. त्याने पिंपेच्या पिंपे लघवी साठवली, आटवली, उरलेला काळा गाळ भट्टीत प्रचंड तापवला. सोने काही निघाले नाही. पण मेणासारखा एक पांढुरका पदार्थ निघाला, आणि तो अंधारात हिरवट उजेड देऊ लागला. शेकोटी नाही, वात नाही, तेल नाही, आणि उजेड!

पुढे याला ग्रीक भाषेतून 'प्रकाश वाहून आणणारा' अशा अर्थाचे फॉस्फरस हे नाव मिळाले. ब्रँडकडून गुपित विकत घेऊन क्राफ्ट नावाच्या एका गृहस्थाने राजेरजवाड्यांच्या दरबारात हा उजेड दाखवत पैसा कमावला. सन १६७७ मध्ये त्याने इंग्लंडमध्येही खेळ करून दाखवला. आपल्याकडचा एखादा बुवा असता तर त्याने याच उजेडावर मठ बांधला असता. पण तिथे तो खेळ पाहणाऱ्यांत रॉबर्ट बॉइल नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने हात न जोडता विचार केला, हा पदार्थ कशातून निघत असेल? आणि १६८० च्या सुमारास त्याने तो स्वतः तयार केला.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी स्वीडनमधील गान आणि शेले या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हाडांमध्ये फॉस्फरस भरपूर असतो. मोठ्या माणसाच्या अंगात पाऊण किलोच्या आसपास फॉस्फरस असतो आणि त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांत. मग लघवीची पिंपे गेली आणि खाटिकखान्यातली हाडे आली. फॉस्फरस स्वस्त झाला. स्वस्त झाला म्हणून तो काडेपेटीत शिरला.

तीन हात असलेला अणू

आता थोडे शास्त्र. कंटाळू नका, आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे आहोत, तेव्हा आम्हाला समजले ते तुम्हालाही समजेल.

फॉस्फरसच्या प्रत्येक अणूला, असे समजा, तीन हात आहेत. या तीन हातांनी त्याला शेजाऱ्यांना धरायचे असते. कोणी कोणाला कसे धरले, एवढ्यावरच सगळे अवलंबून आहे.

पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चार अणूंचे टोळके असते. चौघांपैकी प्रत्येकाने उरलेल्या तिघांना धरलेले. बाहेरच्या कुणाशी संबंध नाही. चार माणसे एका छोट्या मोरीत कोंबून एकमेकांचे हात पिळून उभी केली तर त्यांचे खांदे कसे अवघडतील, तसे या अणूंचे हात अवघडलेले असतात. हा ताण केव्हा एकदा सुटतो याची ते जणू वाट पाहत असतात. म्हणूनच पांढरा फॉस्फरस हवेत उघडा ठेवला आणि तापमान ३०-३५ अंशांच्या घरात गेले की आपोआप पेट घेतो. मुंबईतल्या मे महिन्याच्या दुपारी त्याला काडी लावावी लागणार नाही. त्याला पाण्याखाली बुडवून ठेवावे लागते. तो ४४ अंशांना वितळतो, त्याची वाफ होते, त्याला लसणासारखा वास येतो आणि तो जहाल विष आहे. ही चार-चार अणूंची टोळकी सुटी असल्यामुळे हवेत उडतात, चरबीत मिसळतात, अंगात सहज शिरतात.

आता प्रत्येक टोळक्यातल्या एका जोडीने आपसातला हात सोडला आणि शेजारच्या टोळक्याला धरले, त्याने त्याच्या पलीकडच्याला, असे कल्पून पाहा. मानवी साखळी तयार झाली. हाच तांबडा फॉस्फरस. ताण उतरला, सुटे कुणी राहिले नाही. साखळीतला अणू सहजासहजी उडून जात नाही की पाझरत नाही. तांबडा फॉस्फरस पेटायला सुमारे अडीचशे अंश तापमान लागते. तो अंधारात चमकत नाही, त्याला पाण्यात ठेवावे लागत नाही, आणि शुद्ध असेल तर तो पांढऱ्यासारखा विषारी नाही.

ही मानवी साखळी पहिल्यांदा ओळखली ती व्हिएन्नाच्या अँटन श्रोटर यांनी, १८४० नंतरच्या दशकात. पांढरा फॉस्फरस उजेडात ठेवला की पिवळा पडतो आणि त्यावर तांबडी पुटे चढतात, हे आधीपासून लोकांनी पाहिले होते. हवा लागून काहीतरी दुसराच पदार्थ बनत असावा, असे त्यांना वाटे. श्रोटर यांनी हवा पूर्ण बंद करून पांढरा फॉस्फरस सुमारे २५० अंशांना तापवला, तरी तांबडाच मिळाला. मग हवेतून काही मिसळल्याचा प्रश्नच उरला नाही. उलट तांबडा आणखी तापवून त्याची वाफ थंड केली की पुन्हा पांढरा हजर.

कार्बनचे उदाहरण तर सर्वांच्या पाठ्यपुस्तकात असते. हिरा आणि शिसपेन्सिल. (या पेन्सिलीत शिसे अजिबात नसते, तरी नाव चिकटले ते चिकटले.) पेन्सिलीतले ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक ठेवलेले पापुद्रे. कागदावर घासले की पापुद्रे सरकतात आणि अक्षर उमटते. जुना सेल फोडून मुले जी काळी कांडी काढतात तीही ग्रॅफाइटचीच. हिऱ्यात तोच कार्बन चारही हातांनी चौफेर जखडलेला, म्हणून तो काच कापतो. सन १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञाने हिरा जाळून दाखवला आणि सिद्ध केले की तेवढ्याच वजनाचा कोळसा जाळला तर जेवढा कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तेवढाच हिऱ्यातून निघतो. हिऱ्याच्या अंगठीचा तोरा मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कल्हईच्या कथिलाचेही असेच आहे. १३ अंशांखाली बराच काळ राहिले तर चकचकीत कथील हळूहळू करड्या भुकटीत बदलू शकते. आपल्या हवेत त्याची काळजी नको.

पण हिऱ्यापायी कारखान्यातल्या मुलीचा जबडा गेला नाही. तेव्हा पुन्हा फॉस्फरसकडे येऊ.

कामगारांच्या तोंडात शिरलेला रोग

घासून पेटणारी काडी इंग्लंडमधील जॉन वॉकर यांनी १८२६-२७ च्या सुमारास तयार केली. तिच्यात फॉस्फरस नव्हता. ती फार तडतडे, कधी पेटे, कधी नाही. १८३० च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया यांनी काडीच्या टोकाच्या मिश्रणात पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी कुठेही घासा, भिंतीवर, बुटाच्या तळाला, विटेवर, की पेटलीच. गिऱ्हाईक खूश. कारखाने निघाले. काड्या फॉस्फरसच्या लगद्यात बुडवायच्या, वाळवायच्या, मोजून पेट्यांत भरायच्या. हे काम लहान मुले आणि बायका करू लागल्या, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे.

दहा वर्षांच्या आतच व्हिएन्नात पहिला रोगी दिसला आणि १८४५ मध्ये तिथल्या लोरिन्सर या डॉक्टरांनी या रोगावर लेख लिहिला. सुरुवात दातदुखीने व्हायची. मग हिरडी सुजायची, गालावर गळू यायचे, त्यातून घाण वासाचा पू वाहायचा. आत जबड्याचे हाड मरत जायचे. दात पडायचे, मग हाडाचे तुकडे पडायचे. दुर्गंधी एवढी की घरातली माणसेही जवळ बसत नसत. उपाय एकच, शस्त्रक्रिया करून सगळा जबडा काढून टाकणे. तो काढला नाही तर अनेकदा मरण, काढला तर उरलेले आयुष्य पातळ अन्नावर आणि तोंडाला फडके बांधून. किडका दात असला की फॉस्फरसची वाफ तिथून हाडात शिरते, असे त्या वेळच्या डॉक्टरांचे मत होते. इंग्लंडच्या कामगारांनी या रोगाला 'फॉसी जॉ' असे आपल्या भाषेतले नाव दिले.

म्हणजे १८४५ साली रोग ठाऊक झाला. त्याच सुमारास श्रोटर यांचा तांबडा फॉस्फरस आला. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताव्ह पाश यांनी अशी युक्ती काढली की फॉस्फरस काडीवर ठेवायचाच नाही, तो पेटीच्या पट्टीवर ठेवायचा. लुंडस्ट्रॉम बंधूंनी ही काडेपेटी तांबड्या फॉस्फरससह चांगली बनवली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली. इंग्लंडमधील ब्रायंट अँड मे या कंपनीने त्याच वर्षी तिचे हक्कही विकत घेतले. रोग ठाऊक, कारण ठाऊक, बिनविषारी पर्याय हातात. आता राहिले काय?

राहिला पैसा. तांबडा फॉस्फरस महाग पडे. गिऱ्हाइकाला कुठेही घासून पेटणारी स्वस्त काडी हवी होती. म्हणून कंपनी दोन्ही प्रकार बनवत राहिली आणि पूर्व लंडनमधल्या बो भागातल्या तिच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसची वाफ तशीच दरवळत राहिली.

बो गावच्या पोरी

२३ जून १८८८ रोजी अ‍ॅनी बेझंट यांनी 'द लिंक' या आपल्या छोट्या साप्ताहिकात या कारखान्यावर लेख लिहिला. याच बेझंटबाई पुढे हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. 'लंडनमधील गोरी गुलामगिरी' अशा अर्थाचे त्या लेखाचे नाव होते. त्यातले आकडे वाचताना आमच्यातला कारकून जागा झाला. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला कामावर हजर, सुटी संध्याकाळी सहाला. सोळा वर्षांच्या एका मुलीची आठवड्याची मजुरी चार शिलिंग. त्यातून दंड कापायचा. पाय मळके असले किंवा बाकाखाली पसारा दिसला की तीन पेन्स. बाकावर जळक्या काड्या राहिल्या की एक शिलिंग, म्हणजे आठवड्याच्या कमाईचा चौथा हिस्सा. एका मुलीने यंत्रात बोटे जाऊ नयेत म्हणून हात मागे घेतला, त्यात माल गुंतला, तर तिला शिलिंगभर दंड आणि वर ताकीद, की बोटांकडे लक्ष देऊ नकोस. आणि याच कंपनीने भागधारकांना वाटलेला लाभांश किती? त्या लेखात आकडा दिला आहे, शेकडा २३. ताळेबंदाच्या उजव्या-डाव्या बाजू आम्ही आयुष्यभर जुळवत आलो, पण जबड्याचे हाड कोणत्या खात्यावर टाकायचे हे आम्हाला कोणी शिकवले नाही.

मुलींना भाकरी खायला वेगळी खोली नव्हती. जिथे फॉस्फरस, तिथेच डबा उघडायचा. हाताला फॉस्फरस, पावाला फॉस्फरस.

आणखी कितीतरी बायका कारखान्यात न जाता घरीच काड्यांच्या रिकाम्या पेट्या चिकटवून देत. १४४ पेट्यांना सव्वादोन-अडीच पेन्स. दोरा स्वतःचा, खळही स्वतःची. आपल्या वस्तीत घरी बसून टिकल्या चिकटवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या माता-भगिनींना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

लेख छापून येताच कंपनीने एक कागद तयार केला. लेखातले सारे खोटे आहे, आम्ही समाधानी आहोत, यावर सह्या करा. मुलींनी सह्या केल्या नाहीत. एकीला कामावरून काढले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १४०० मुली आणि बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. त्यांच्या मागे कोणतीही युनियन नव्हती, निधी नव्हता. सुमारे दोनशे जणी चालत बेझंटबाईंच्या कचेरीवर गेल्या. इतिहासात संपाचे श्रेय बहुधा बेझंटबाईंना दिले जाते. परंतु लुईस रॉ या अभ्यासक बाईंनी अलीकडे दाखवून दिले आहे की संप उभा केला तो या मुलींनीच, बेझंटबाईंना तो सुरू झाल्यावर कळला. संप समितीत सारा चॅपमन नावाची एक कामगार तरुणी पुढे होती. आम्हाला हे पटते. चळवळीचे श्रेय लिहिता-वाचता येणाऱ्याच्या नावावर जमा होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

दोन आठवड्यांच्या आत कंपनी नमली. दंड रद्द झाले, तक्रार थेट वरच्या अधिकाऱ्याकडे नेण्याचा हक्क मिळाला, आणि जेवणासाठी वेगळ्या जागेचे आश्वासन मिळाले. स्त्रियांची युनियन स्थापन झाली. मात्र एक गोष्ट तशीच राहिली. पांढरा फॉस्फरस गेला नाही.

तो घालवायला आणखी बरेच करावे लागले. सन १८९१ मध्ये सॅल्व्हेशन आर्मी या संस्थेने लंडनमध्येच स्वतःचा काडेपेटी कारखाना काढला, फक्त तांबडा फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. १८९८ मध्ये असे उघड झाले की ब्रायंट अँड मे कंपनीने फॉसी जॉचे कित्येक रोगी सरकारला कळवलेच नव्हते. कोर्टाने दंड केला, तोही सुमारे २५ पौंड! जळक्या काडीला शिलिंग आणि लपवलेल्या जबड्यांना २५ पौंड. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेव्हेन आणि काहेन यांनी फॉस्फरस आणि गंधकाचे एक संयुग काडीवर वापरून दाखवले. त्याची काडी कुठेही घासली तरी पेटे आणि ते पांढऱ्या फॉस्फरससारखे विषारी नव्हते. आता कारखानदारांकडे गिऱ्हाइकाच्या आवडीची सबबही उरली नाही. ब्रायंट अँड मे कंपनीने १९०१ मध्ये पांढरा फॉस्फरस सोडला.

कायदे मात्र एकेका देशाने आपापल्या सवडीने केले. फिनलंडने १८७२ मध्येच बंदी घातली होती, डेन्मार्कने १८७४ मध्ये. बाकीचे देश म्हणत, आम्ही बंदी घातली तर शेजारी स्वस्त काड्या विकून आमचा बाजार खाईल. शेवटी १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काही देशांनी एकत्र येऊन करार केला. ब्रिटनमधली बंदी १९१० संपताना अमलात आली. अमेरिकेने १९१२ मध्ये अशा काड्यांवर जबर कर लावून त्यांचा धंदाच बुडवला. आणि आपल्या देशासाठी १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. तशा काड्या बाहेरून आणणे, इथे बनवणे आणि विकणे, तिन्ही बंद. हिंदुस्थानात काडेपेटीचा मोठा धंदा उभा राहिला तो यानंतर. १९२३ साली स्वीडिश भांडवलावर विमको कंपनी निघाली. तिचा अंबरनाथचा कारखाना ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या कामगारांना आठवत असेल. तमिळनाडूतल्या शिवकाशीचा धंदाही त्याच दशकातला. त्यामुळे तिथल्या कामगारांचे जबडे वाचले. तिथे मुलांचे बालपण मात्र वाचले नाही. त्यावर सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये निकाल द्यावा लागला, की धोक्याच्या कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २० हजार रुपये भरावेत.

फॉस्फरसमुळे होणारे रोग १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात घातले गेले आणि फॉस्फरसची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्यात डॉक्टरने सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीतही आली.

पट्टीवर नक्की काय होते

आता हातातली काडी पेटीवर ओढा. पट्टीत तांबडा फॉस्फरस, काचेची पूड आणि डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक वगैरे असते. घासताना काचेच्या पुडीमुळे क्षणभर खूप उष्णता होते. त्या उष्णतेने तांबड्या फॉस्फरसची साखळी अगदी कणभर जागी तुटते, आणि त्या कणाचा क्षणापुरता पांढरा फॉस्फरस होतो. तो हवा लागताच पेटतो, त्याने क्लोरेट पेटते, मग गंधक, मग लाकूड. म्हणजे प्रत्येक काडी ओढताना आपण तांबड्याचा चिमूटभरही नव्हे इतका पांढरा करतो आणि लगेच जाळूनही टाकतो. गुल आणि पट्टी वेगळ्या आहेत, म्हणूनच काडी खिशात आपोआप पेटत नाही. मुलांच्या बंदुकीच्या टिकल्यांत मात्र तांबडा फॉस्फरस आणि क्लोरेट शेजारी शेजारीच असतात. म्हणून टिकल्या कुटून त्यांची दारू एकत्र करण्याचा जो खेळ पोरे करतात तो तत्काळ थांबवावा. बोटे जातात.

स्फुरदाचे आणखी एक रूप आहे, काळे. सन १९१४ मध्ये अमेरिकेच्या पर्सी ब्रिजमन यांनी पांढऱ्या फॉस्फरसवर हवेच्या बारा हजार पट दाब देऊन, २०० अंश तापमानात ते बनवले. ते पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसारखे पापुद्र्यांचे असते, वीज वाहते आणि तिघांत सर्वांत शांत तेच. त्याचा एकेक पापुद्रा सोलून संगणकाचे भाग बनवता येतील का, यावर २०१४ पासून प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे.

पांढरा अजून गेलेला नाही

काडेपेटीतून तो गेला, पण जगातून नाही. लढाईत त्याचे बाँब वापरले गेले. १९४३ च्या जुलैमध्ये ज्या हँबर्ग शहरावर आगीचे बाँब पडले, त्यांत फॉस्फरसही होता. हेच ते हेनिंग ब्रँडचे हँबर्ग.

आणि आपल्या घरांपर्यंतही तो येतो. पिवळा फॉस्फरस म्हणजे हाच पांढरा, उजेडाने पिवळसर झालेला. उंदीर मारायची जी ट्यूबमधली पेस्ट वर्षानुवर्षे दुकानांतून विकली गेली, तिच्या कित्येक प्रकारांत शेकडा तीन भाग पिवळा फॉस्फरस असतो. ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते. वाचता न येणाऱ्या लहान मुलाने किंवा चष्मा न लावलेल्या आजीने ती चुकून दाताला लावल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. पावावर, लाडवावर लावून कोपऱ्यात ठेवलेला तुकडा मूल उचलून खाऊ शकते. अशी पेस्ट घरात आणूच नये, उंदरासाठी पिंजरा लावावा. आणि आधीच आणलेली असेल तर नीट नाव वाचावे.

चुकून पोटात गेलीच तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सुरुवातीला थोडी मळमळ, उलटी होते, मग एक-दोन दिवस माणूस अगदी बरा दिसतो. घरचे म्हणतात, उतरले विष. प्रत्यक्षात त्या दिवसांत ते यकृतावर घाला घालत असते. मग कावीळ दिसते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. या विषावर नेमका उतारा असे औषध नाही, म्हणून पहिल्याच तासात सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे किंवा गल्लीतल्या कंपाउंडरकडे वेळ घालवू नये. घरी मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नयेत. रोगी बरा दिसला तरी डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी आणू नये. आणि जाताना ती ट्यूब, तिचे खोके जे असेल ते पिशवीत घालून बरोबर न्यावे, म्हणजे आत काय होते हे डॉक्टरांना लगेच कळेल.